शिलेदार छायाचित्रकार

गेल्या पावसाळ्यांत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठीं शाळेंत आलों असतां एका पालकांनीं मला विचारलें, "आपण कोणत्या वर्तमानपत्रांत असतां?" "कोणत्याच नाहीं," असें मीं सांगितल्यावर त्यांनीं कांहींशा सहानुभूतीनें विषय बदलला. आपल्या धंद्याविषयीं चार शब्द लिहावे अशी वार्षिकाच्या संपादकांची आज्ञा झाली, तेव्हां मला प्रथम तेंच संभाषण आठवलें. कोणत्याच वर्तमानपत्रांत नसलेला मनुष्य बातम्यांचीं व खेळांचीं छायाचित्रें काढून पोट भरतो, म्हणजे नेमकें काय करतो, हें सांगण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

बारगीर व शिलेदार हे शब्द विद्यार्थ्यांनीं इतिहासाच्या पुस्तकांत वाचले असतील. मराठ्यांच्या घोडदळांत बारगिरास घोडा सरकारांतून मिळे. शिलेदार आपला घोडा व आपलीं हत्यारें घेऊन चाकरीस येई. वर्तमानपत्राच्या पगारी छायाचित्रकारास बारगीर म्हटलें तर मी शिलेदार. आमच्या धंद्यास जो 'फ्री लान्स' हा इंग्रजी शब्द लावितात, त्याचा मूळ अर्थहि कोणा एका सरदाराशीं बांधलेला नसलेला भालाईत असाच आहे. शिलेदाराचा तोरा मोठा खरा, पण लढाईंत घोडा पडला तर तो त्याचाच पडला. माझा घोडा म्हणजे दोन कॅमेरे, तीन भिंगें व एक लॅपटॉप. यांपैकीं दूरचें चित्र जवळ आणणारें मोठें भिंग एकटेंच चांगल्या मोटारसायकलीहून महाग पडतें. पावसाच्या एका सरीनें तें बिघडलें, तर दुरुस्तीचें बिल कोणत्याहि संपादकाच्या टेबलावर नेऊन ठेवतां येत नाहीं.

इतकें महाग भिंग हवें तरी कशाला, असें घरची मंडळीहि विचारतात. त्याचें उत्तर गणितांत आहे. वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशीं १४० किलोमीटर वेगानें येतो असें धरूं. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा एकशेंपंचविसावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यांत चेंडू सुमारें एक फूट पुढें सरकतो आणि चित्रांत चेंडूच्या जागीं एक पुसट रेघ उमटते. पडदा सेकंदाच्या सहस्रांशापुरताच उघडला, तर चेंडू सुमारें चार सेंटिमीटर सरकतो व चेंडू म्हणून ओळखूं येतो. परंतु पडदा जितका थोडा वेळ उघडा, तितका उजेड आंत कमी. तो पुरेसा यावा म्हणून भिंगाचें तोंड रुंद लागतें, आणि रुंद तोंडाचें भिंग जड व महाग असतें. बंदिस्त सभागृहांतील कबड्डीच्या सामन्यांत, जेथें दिवे मंद व खेळाडू चपळ, तेथें तर या भिंगावांचून गत्यंतरच नाहीं.

याहून अवघड अडचण मनुष्यदेहाचीच आहे. डोळ्यानें पाहावें, मनानें ठरवावें व बोटानें कळ दाबावी, यांत सेकंदाचा पांचवा भाग सहज जातो. तेवढ्यांत वर सांगितलेला चेंडू सात-आठ मीटर गेलेला असतो. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांत तर चित्र उमटत असतांना आरसा वर उचलला जाई व पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढें क्षणभर अंधार होई. म्हणून जें दृश्य डोळ्यास स्वच्छ दिसलें, तें हातचें गेलें असेंच समजावें लागे. हल्लींचे बिनआरशाचे कॅमेरे सेकंदास वीसवीस चित्रें घेतात हें खरें. पण त्यांतील दोन चित्रांच्या मधल्या फटींत चेंडू दोन मीटर जातो, आणि बॅटला चेंडू लागण्याचा क्षण नेमका त्या फटींत सांपडला तर वीसहि चित्रें व्यर्थ. यास्तव खेळाडूचा स्वभाव आधीं माहीत असावा लागतो. गडी बाद केल्यावर अमुक गोलंदाज कोणत्या बाजूस धांवत सुटतो, गोल केल्यावर अमुक मुलगा कोणत्या गड्याच्या गळ्यांत पडतो, हें मीं वहींत टिपून ठेविलें आहे. सामना दहास असेल तर मी आठास मैदानावर असतों. सूर्य कोठून वर येणार, पाठीमागें जाहिरातीचा फलक येतो कीं झाड, हें पाहून जागा धरावयाची, आणि मग दिवसभर ती सोडावयाची नाहीं. बसणें हेंच माझ्या धंद्यांतलें मुख्य काम आहे असें कोणी म्हटलें तरी मला राग येणार नाहीं.

मोठ्या सामन्यांत नुसतें बसावयास मिळणें हेंहि एक युद्धच असतें. इंग्लंडमध्यें १९७२ पर्यंत कसोटी सामन्यांचीं छायाचित्रें मैदानावरून घेण्याचा मक्ता ठराविक संस्थांकडेच होता. तो मक्ता सुटला तेव्हां पॅट्रिक ईगर हे स्वतंत्र छायाचित्रकार पुढें आले, आणि त्यांनीं आपल्या हयातींत तीनशेंहून अधिक कसोटी सामने टिपले. आमच्याकडेहि प्रवेशपत्र प्रथम पगारी मंडळींस मिळतें. शिलेदारानें दाराशीं उभें राहून कोणाची तरी शिफारस शोधावयाची.

चित्र मिळालें म्हणजे काम झालें असें नाहीं. जेवणाच्या सुटींत लोक डबे उघडतात, तेव्हां मी लॅपटॉप उघडतों. शेंकडों चित्रांतून सहा निवडावयाचीं, आणि प्रत्येकाखालीं कोण, कोठें, केव्हां व काय करीत आहे याची ओळ लिहून लगेच पाठवावयाचीं. अर्धा तास उशीर झाला कीं दुसऱ्याचें चित्र पानांत बसलेलें असतें. एकदां घाईंत मीं धाकट्या भावाच्या चित्राखालीं थोरल्याचें नांव घातलें. दुसऱ्या दिवशीं त्यांच्या आजोबांनीं दूरध्वनीवरून माझी जी हजेरी घेतली, ती शाळेंतील कोणत्याहि हजेरीहून कडक होती. तेव्हांपासून गणवेशावरील क्रमांक दोनदां ताडून पाहतों.

मोबदला चित्रामागें मिळतो, तोहि छापून आल्यावर, आणि पुष्कळदां तीन-चार महिन्यांनीं. एका दैनिकानें माझें चित्र मला न विचारतां व माझें नांव न देतां छापलें, पैशाविषयीं विचारलें तेव्हां "आपणांस प्रसिद्धी मिळाली ना?" असें उत्तर आलें. नांवच नव्हतें, तर प्रसिद्धी कोणाची? १९५७ च्या कॉपीराइटच्या कायद्याप्रमाणें, जो कोणाच्या नोकरींत नाहीं व ज्यास कोणीं मोल देऊन तें चित्र काढावयास सांगितलेलें नाहीं, तो छायाचित्रकारच आपल्या चित्राचा पहिला मालक होय. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही मालकी त्याच्या मृत्यूनंतरहि ६० वर्षें टिकते. माझ्यासारख्यास पेन्शन नाहीं, रजा नाहीं; जुन्या चित्रांची ही पेटी हीच काय ती इस्टेट.

नांवाची ही कथा जुनी आहे. भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्या ओळखल्या जातात, त्या होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ सालचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत. आरंभीं त्यांस एका चित्राचा एक रुपया मिळे, आणि त्यांचीं कित्येक चित्रें पति माणेकशा यांच्या नांवावर छापलीं जात. १९४२ सालीं दिल्लीस गेल्यावर त्या ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्याची नोकरी करीत व बाहेरचें कामहि घेत. म्हणजे अर्ध्या बारगीर व अर्ध्या शिलेदार. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या सायकलवरून हिंडत. १९४८ च्या ३० जानेवारीस त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेस निघाल्या होत्या, परंतु पतींच्या बोलावण्यावरून मागें फिरल्या, आणि त्याच सायंकाळीं गांधीजींची हत्या झाली. अंत्ययात्रेचीं त्यांचीं चित्रें प्रसिद्ध आहेत. तरी त्या सायंकाळीं आपण तेथें नव्हतों ही खंत त्यांनीं वृद्धपणींहि बोलून दाखविली. १९७० सालीं त्यांनीं कॅमेरा खालीं ठेविला. पद्मविभूषण मिळालें तें २०११ सालीं, मृत्यूच्या आदल्या वर्षीं.

हुकलेल्या चित्राची खंत मी समजूं शकतों. मला खंत आहे ती मिळालेल्या एका चित्राची. आंतरशालेय फुटबॉलच्या अंतिम सामन्यांत शेवटची पेनल्टी हुकविलेला पंधरा वर्षांचा एक मुलगा चिखलांत गुडघे टेकून रडत होता, आणि पाठीमागें विजयी संघ नाचत होता. उजेड उत्तम, जागा उत्तम. दुसऱ्या दिवशीं तें क्रीडापानावर चार स्तंभांत आलें, खालीं माझ्या नांवासह. महिन्याभरानें त्याची आई मला मैदानावर शोधीत आली. ती रागावली नव्हती. "चित्र चांगलं आहे हो," ती म्हणाली, "पण तो पंधरा दिवस शाळेत जायला तयार नव्हता. छापण्याआधी त्याला कोणी विचारलं होतं का?" कोणीं विचारलें नव्हतें. सार्वजनिक सामना, सार्वजनिक मैदान, सर्व नियमांस धरून होतें. तरी मला उत्तर सुचलें नाहीं.

पुढें एका प्रकाशकानें दिनदर्शिकेसाठीं तेंच चित्र मागितलें. मोबदला इतका होता कीं भिंगाच्या दुरुस्तीचें थकलेलें बिल फिटलें असतें. कायद्यानें तें चित्र माझें होतें. मीं नकार कळविला, आणि तें बिल फेडावयास पुढें सहा महिने लागले. हें मीं नेहमींच करीन असें छातीठोकपणें सांगवत नाहीं. भाड्याची तारीख जवळ असती, तर काय केलें असतें कोण जाणे. लहान मुलांचा पराभव टिपतांना मात्र आतां मी चेहऱ्याऐवजीं पाठ, चिखलाचे बूट, किंवा खांद्यावर पडलेला सोबत्याचा हात पाहतों. अशा चित्रांस भाव कमी येतो.

तो मुलगा गेल्या वर्षीं महाविद्यालयाच्या संघांतून खेळला. मी नेहमींप्रमाणें गोलाच्या मागें बसलों होतों. सामना संपल्यावर त्यानें मला ओळखून हात केला.

ज्या विद्यार्थ्यांस हें काम जवळून पाहावयाचें असेल, त्यांनीं शाळेच्या क्रीडादिनीं सकाळीं सात वाजतां मैदानाच्या पूर्वेच्या कोंपऱ्यांत यावें. तेथें ऊन पाठीवर असतें. सोबत पाण्याची बाटली व टोपी आणावी, आणि कॅमेरा नसल्यास नुसती वही आणली तरी चालेल.