ब्रश कटर चालू होत नाही? दोरी ओढण्याआधी हे वाचा



बांधावर गवत कमरेला लागलंय आणि ऑफिसच्या फोनवर रोज तीच तक्रार: "दोरी ओढून हात गेला, मशीन काही चालू होईना." परवा एका सभासदाचं मशीन आलं, त्याचा पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. कारण एवढंच, पोराने टाकीत साधं पेट्रोल भरलं, ऑइल मिसळलंच नाही. मशीन जेमतेम एक हंगाम चाललेलं.

*मशीन कोणतं ते आधी बघा.* इंजिनला ऑइल भरायचं वेगळं झाकण असेल तर ते फोर-स्ट्रोक. त्याच्या टाकीत साधं पेट्रोल, आणि इंजिन ऑइलची पातळी रोज बघायची. असं झाकण नसेल तर टू-स्ट्रोक. त्याला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर १ लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण चालतं (फवारणीचं नको!). मिश्रण कॅनमध्ये करा, हलवा, मग टाकीत भरा. ट्रॅक्टरचं ऑइल, जळकं ऑइल यात अजिबात नको.

*चालू करताना* मशीन सपाट जमिनीवर ठेवा. पात्याला दगड, गवत, ठिबकची नळी काही लागता कामा नये. स्विच ऑन करा. कार्ब्युरेटरखालचा रबरी फुगा ६-७ वेळा दाबा, परतीच्या नळीत पेट्रोल दिसलं की पुरे. इंजिन थंड असेल तर चोक बंद करा. एका हाताने मशीन घट्ट दाबून धरा, दोरी आधी हळू ओढा, अडल्यासारखं लागलं की तिथून झटका द्या. दोरी शेवटपर्यंत ओढायची नाही आणि हातातून सोडूनही द्यायची नाही, हाताने परत जाऊ द्या. इंजिन एकदा "फट्ट" करून बंद पडलं की लगेच चोक उघडा आणि पुन्हा ओढा. बहुतेकजण इथेच चुकतात. चोक बंद ठेवून वीस वेळा ओढतात, मग प्लग पेट्रोलने भिजतो.

भिजला असेल तर स्विच बंद करा, प्लग काढून पुसा, चोक उघडा, रेस पूर्ण दाबून दोरी ५-६ वेळा ओढा. आतलं जादा पेट्रोल बाहेर पडतं. त्यावेळी जवळ बिडी-काडी नको. सांडलेलं पेट्रोल उडून गेलं की प्लग लावून चोक न लावता चालू करा. गरम इंजिनलाही चोक लागत नाही.

*बंद करताना* रेस सोडा, मिनिटभर स्लोवर चालू द्या, मग स्विच. स्विच खराब झाला असेल तर घाबरू नका, चोक बंद केला की इंजिन गुदमरून थांबतं. स्विच मात्र दुरुस्त केल्याशिवाय पुन्हा शेतात नेऊ नका. पात्यात अडकलेलं गवत इंजिन पूर्ण थांबल्यावरच काढायचं.

*स्लो सेट करणे.* रेस सोडल्यावर पातं फिरता कामा नये. फिरत असेल तर स्लोचा स्क्रू डावीकडे पाव वळसा. इंजिन बंद पडत असेल तर उजवीकडे पाव वळसा. एवढंच. पण आधी एअर फिल्टर बघा. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर बुजतो आणि आपण उगाच स्क्रू पिळत बसतो. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, मग लावा. एच आणि एल लिहिलेल्या स्क्रूंना घरी हात लावू नका. एच जास्त बंद केला तर पेट्रोल कमी पडतं, इंजिन छान किंचाळतं, गडी खूश होतो आणि पिस्टन जळतो.

पातं बदलणाऱ्यांसाठी: बहुतेक मशीनवर पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो, उजवीकडे फिरवला की सुटतो. जोर लावून आटे मारू नका.

मुरमाड बांधावर खडा गोळीसारखा उडतो. चष्मा, बूट हवेतच. ताई मशीन चालवत असतील तर पदर खोचून, केस बांधून. पोरंसोरं, जनावरं १५ मीटर लांब.

*काम संपल्यावर* टाकी रिकामी करा आणि उरलेलं संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं (आपल्या कारखान्यांच्या उसाचंही त्यात आलं!). ते हवेतली ओल धरतं, पाणी तळाला बसतं आणि कार्ब्युरेटर चोकअप होतो. महिनाभर पडून राहिलेलं मिश्रण पुन्हा वापरू नका.

एवढं करूनही चालू झालं नाही तर प्लगचा फोटो आणि दोरी ओढतानाचा छोटा व्हिडिओ याच नंबरवर पाठवा. मशीन घेऊन यायचं असेल तर टाकी रिकामी करून आणा.