प्रसार भारती: पैसा कुणाचा, कारभार कुणाचा?

दूरदर्शन आणि आकाशवाणीबद्दल काहीच मत नसलेला माणूस सापडणे कठीण. ‘सरकारी चॅनेल, सरकारचीच बाजू सांगणार’ असे एकजण म्हणतो, तर ‘बघतं कोण आता, विकून टाका’ असे दुसरा. पण या संस्थेला पैसा कुठून येतो, तिच्या प्रमुखाची नेमणूक कोण करते, त्याला काढायचा अधिकार कुणाला आहे, असे विचारले की उत्तरे अडखळू लागतात. संस्थेची मालकी, तिचा पैसा आणि तिचा रोजचा कारभार या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ केली की पुढचे गैरसमज तयार होतात.

गैरसमज १: दूरदर्शन आणि आकाशवाणी ही केंद्र सरकारची खाती आहेत.

वस्तुस्थिती: १९९७ पर्यंत ती खरोखरच माहिती व प्रसारण मंत्रालयाची खाती होती. आणीबाणीत सरकारी प्रसारणाचा जो वापर झाला, तो पाहून जनता सरकारने बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि समितीने स्वायत्त संस्थेची शिफारस केली. कायदा व्हायला मात्र १९९० उजाडले. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात संसदेने प्रसार भारती कायदा मंजूर केला आणि तो तब्बल सात वर्षे नुसता पडून राहिला. इंद्रकुमार गुजराल यांच्या सरकारने तो १५ सप्टेंबर १९९७ रोजी अमलात आणला आणि २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती हे महामंडळ अस्तित्वात आले. दूरदर्शन आणि आकाशवाणी तेव्हापासून या महामंडळाच्या दोन शाखा आहेत.

म्हणजे कायद्याने प्रसार भारती हे खाते उरलेले नाही. पण माणसांचे काय? ५ ऑक्टोबर २००७ पूर्वी भरती झालेले कर्मचारी केंद्र सरकारचेच नोकर मानले जातात आणि ते निवृत्तीपर्यंत महामंडळात प्रतिनियुक्तीवर असल्याचे धरले जाते. बातम्यांच्या विभागात महत्त्वाच्या जागांवर भारतीय माहिती सेवेतले अधिकारी असतात. या सेवेच्या बदल्या-बढत्या मंत्रालयाच्या हाती असतात. शिधापत्रिका वेगळी झाली, चूल मात्र एकच राहिली, असा हा प्रकार आहे.

गैरसमज २: बीबीसीप्रमाणे आपणही टीव्हीसाठी कुठेतरी शुल्क भरतोच.

वस्तुस्थिती: एकेकाळी भरत होतो. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले तेव्हा रेडिओच्या परवान्याला वर्षाला १० रुपये पडत. ही खासगी कंपनी मुख्यतः त्याच शुल्कावर जगणार होती. पुरेसे परवाने निघाले नाहीत आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. मग सरकारने प्रसारण आपल्याकडे घेतले आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. परवान्याची पद्धत मात्र पुढेही टिकली. टपाल कचेरीत जाऊन रेडिओच्या परवान्याचे नूतनीकरण करणारी पिढी अजून हयात आहे. टीव्ही आल्यावर त्यालाही परवाना लागला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही शुल्के रद्द झाली. प्रसार भारती कायद्याच्या १७ व्या कलमात परवाना शुल्काचा उल्लेख आजही आहे, पण ‘असल्यास’ या शब्दासह. प्रत्यक्षात ते नाही.

ब्रिटनमध्ये ते आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिथे घरटी वर्षाला १७४.५० पौंड आकारले जात होते आणि हे शुल्क बीबीसीच्या उत्पन्नाचा कणा आहे. तरीही बीबीसी सरकारी पैशाला शिवतच नाही, असे नाही. तिची मराठी सेवा २०१७ मध्ये सुरू झाली ती ब्रिटिश सरकारने जागतिक सेवेला दिलेल्या वाढीव अनुदानातून.

गैरसमज ३: दूरदर्शनचा सगळा खर्च करदाता उचलतो.

वस्तुस्थिती: मोठा भाग उचलतो, सगळा नाही. प्रसार भारतीकडे पैसा तीन वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेच्या पैशाचे काम निराळे आहे.

पहिली वाट अनुदानाची. संसदेने मंजुरी दिल्यावर केंद्र सरकार दरवर्षी महामंडळाला रक्कम देते. अलीकडच्या वर्षांत ती साधारण अडीच हजार कोटी रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक राहिली आहे. तिचा मुख्य उपयोग पगार आणि पगाराशी निगडित देणी भागवण्यासाठी होतो. २०१२ मध्ये झालेल्या आर्थिक फेररचनेत पगाराचा बोजा सरकारने उचलायचा आणि कार्यक्रम व दैनंदिन चलनवलनाचा खर्च महामंडळाने आपल्या कमाईतून भागवायचा, अशी विभागणी ठरली.

दुसरी वाट स्वतःच्या कमाईची. ‘सार्वजनिक प्रसारक जाहिराती घेत नाही’ अशी समजूत असेल तर ती इथे सोडून द्यावी. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, आणि त्याही मुंबई, पुणे व नागपूर या आपल्याच केंद्रांवरून. दूरदर्शनवर त्या १९७६ मध्ये आल्या. आज जाहिरातींखेरीज कार्यक्रमांसाठी विकलेला वेळ, डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या उपग्रह सेवेवरच्या जागांचा लिलाव आणि खासगी एफएम कंपन्यांना मनोरे व जागा वापरू दिल्याचे भाडे अशा मार्गांनीही पैसा येतो.

तिसरी वाट भांडवली खर्चाची, म्हणजे नवी प्रक्षेपण यंत्रणा, स्टुडिओ, एफएमचा विस्तार यांची. यासाठी केंद्र सरकार वेगळ्या योजना आखते. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘बाइंड’ योजनेत २०२५-२६ पर्यंत २,५३९.६१ कोटी रुपये ठरवले होते. आकाशवाणीच्या एफएमचा आवाका लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेणे आणि दुर्गम, आदिवासी व सीमावर्ती भागांत फ्री डिशचे ८ लाख सेट-टॉप बॉक्स मोफत वाटणे ही त्यातली दोन उद्दिष्टे.

गैरसमज ४: डीडी फ्री डिश फुकट आहे, म्हणजे तो निव्वळ तोट्याचा व्यवहार.

वस्तुस्थिती: प्रेक्षकाला महिन्याचे शुल्क नाही, एवढाच त्या ‘फुकट’चा अर्थ. तबकडी आणि बॉक्स एकदा विकत घेतले की पुढे खर्च नाही. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा आज चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. एवढा प्रेक्षक एका जागी मिळतो म्हटल्यावर खासगी वाहिन्या त्यावर झळकण्यासाठी लिलावात बोली लावतात आणि कोट्यवधी रुपये मोजतात. ज्या सेवेला लोक ‘गरिबांची डिश’ म्हणून नाक मुरडतात, तीच प्रसार भारतीच्या स्वतःच्या कमाईचा मोठा आधार झाली आहे.

गैरसमज ५: भारताचे क्रिकेट सामने दाखवण्यासाठी दूरदर्शन करदात्यांच्या पैशातून हक्क विकत घेते.

वस्तुस्थिती: हक्क खासगी वाहिनी घेते. २००७ च्या क्रीडा प्रसारण कायद्यानुसार केंद्र सरकारने राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे थेट चित्रण त्या वाहिनीला प्रसार भारतीला द्यावे लागते आणि तेही स्वतःच्या जाहिराती वगळून. दूरदर्शन त्यात आपल्या जाहिराती घालते. टीव्हीवरच्या या उत्पन्नातले किमान ७५ टक्के हक्क घेणाऱ्या वाहिनीला आणि उरलेले प्रसार भारतीला जातात. रेडिओसाठी निम्मे-निम्मे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सवलतीची हद्दही आखली. हे चित्रण दूरदर्शनने आपल्या भूप्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवावे, खासगी केबलवाल्यांमार्फत नाही. केबलवर डीडी लावला आणि सामना दिसला नाही, असे का होते याचे उत्तर या निकालात आहे.

गैरसमज ६: मंत्री आपल्या मर्जीने प्रमुख नेमतात आणि काढतात.

वस्तुस्थिती: कायद्यातली रचना बरीच विचारपूर्वक केलेली आहे. महामंडळ चालवते प्रसार भारती मंडळ. त्यात अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी, वित्त व कर्मचारी या विषयांचे सदस्य, सहा अर्धवेळ सदस्य, आकाशवाणी व दूरदर्शनचे महासंचालक, मंत्रालयाचा एक प्रतिनिधी आणि कर्मचाऱ्यांचे दोन प्रतिनिधी असतात. अध्यक्ष आणि प्रमुख सदस्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात, ती तिघांच्या समितीच्या शिफारशीवरून. हे तिघे म्हणजे राज्यसभेचे सभापती, भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. गैरवर्तनावरून अध्यक्षाला किंवा त्या सदस्यांना काढायचे तर आधी सर्वोच्च न्यायालयाची चौकशी व्हावी लागते.

तरी पळवाटा राहतातच. पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी एस. एस. गिल यांचे वय कायद्यातल्या मर्यादेपलीकडे गेलेले होते. १९९७ मध्ये वटहुकूम काढून ती मर्यादा उठवली गेली. केंद्रात सरकार बदलले, वटहुकमाचा कायदा झाला नाही, १९९८ मध्ये जुनी मर्यादा परतली आणि गिल यांना पद सोडावे लागले. गैरवर्तनाचा आरोप नाही, चौकशी नाही, केवळ वयोमर्यादा. शिवाय राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे त्यांनी नेमलेली ‘एक व्यक्ती’ कुणाच्या पसंतीची असते, हे वेगळे सांगायला नको.

गैरसमज ७: बातम्यांत काय दाखवायचे याचा आदेश देण्याचा सरकारला मुक्त अधिकार आहे.

वस्तुस्थिती: अधिकार आहे, मुक्त नाही. कलम २३ नुसार देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता, सुरक्षितता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी सरकार एखादी गोष्ट प्रसारित करू नका किंवा सार्वजनिक महत्त्वाची एखादी गोष्ट प्रसारित करा, असे निर्देश देऊ शकते. अशा प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते आणि हा कार्यक्रम निर्देशावरून दाखवत आहोत, असे प्रसार भारती जाहीरही करू शकते. कायदा करणाऱ्यांना हस्तक्षेप उजेडात व्हावा असे वाटत होते.

हस्तक्षेपाला निर्देशाची गरजच पडू नये अशी व्यवस्था मात्र आपोआप तयार झाली. पगाराची तरतूद मंत्रालयाकडून येते आणि वृत्तविभागातल्या अधिकाऱ्यांची बढती मंत्रालयात ठरते. अशा घरात लेखी आदेश कशाला लागेल? २०१८ मध्ये मंत्रालयाने पगाराचा निधी रोखून धरल्याचा आरोप प्रसार भारतीचे तेव्हाचे अध्यक्ष ए. सूर्य प्रकाश यांनी जाहीरपणे केला होता. अनुदानासाठी आवश्यक सामंजस्य करारावर प्रसार भारतीने सही केली नाही, हे मंत्रालयाचे म्हणणे होते. बाजू कुणाची खरी, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी स्वायत्त संस्थेच्या पगाराची किल्ली कुणाकडे आहे, ते या वादात दिसले.

प्रेक्षकांच्या बाजूने लक्ष ठेवणाऱ्या दोन यंत्रणाही कायद्यात होत्या: २२ खासदारांची संसदीय समिती आणि तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद. दोन्ही कागदावरच राहिल्या. सॅम पित्रोदा यांच्या समितीने २०१४ च्या अहवालात मालमत्ता आणि मनुष्यबळ पूर्णपणे प्रसार भारतीकडे सोपवण्याची शिफारस केली, ती याच कोंडीवरचा उपाय म्हणून.

गैरसमज ८: संसद टीव्हीसुद्धा दूरदर्शनचाच.

वस्तुस्थिती: ती संसदेची स्वतःची वाहिनी आहे. लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही एकत्र करून २०२१ मध्ये ती सुरू झाली.

गैरसमज ९: या संस्थेचा हिशेब कुणी तपासत नाही.

वस्तुस्थिती: लेखापरीक्षण भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो आणि माहितीचा अधिकार प्रसार भारतीला लागू आहे. आपल्या केंद्रावर गेल्या वर्षी पगारावर किती आणि नव्या कार्यक्रमांवर किती खर्च झाला, हे कोणीही अर्ज करून विचारू शकतो.

गैरसमज १०: तोट्यात आहे, विकून टाकले की प्रश्न मिटेल.

वस्तुस्थिती: तोट्याचे माप नफ्यासाठी काढलेल्या धंद्याला लागते. कलम १२ प्रसार भारतीवर वेगळीच कामे सोपवते: लोकांना माहिती देणे, शिक्षण देणे, रंजन करणे, शेती, आरोग्य, ग्रामीण विकास यांकडे लक्ष देणे, वेगवेगळ्या प्रदेशांच्या भाषा व संस्कृतींना जागा देणे. आकाशवाणी २३ भाषा आणि १७९ बोलींतून बोलते. त्यांतल्या बहुतेक बोलींसाठी कुठलाही जाहिरातदार रांगेत उभा राहणार नाही. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम मुंबई दूरदर्शनने आणि पुढे सह्याद्री वाहिनीने चालू ठेवला. पणजी केंद्रावरून कोकणी आणि मराठी दोन्ही ऐकू येतात. ही कामे बाजारभावाने तोलली तर ती बंदच होतील.

विकायचे म्हणजे नेमके काय, हाही प्रश्न आहे. प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी नको, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितले. सरकारी मक्तेदारीच्या जागी खासगी मक्तेदारी आणावी, असे त्या निकालाने सुचवलेले नाही.

मग दूरदर्शन सरकारचे बाहुले आहे की लोकांचे माध्यम? कायद्याचा कागद वाचला तर लोकांचे. पगाराची तरतूद, बढतीचा आदेश आणि रिकाम्या राहिलेल्या समित्या पाहिल्या तर तसे म्हणणे अवघड जाते. चांगला कायदा हाताशी आहे, त्यातली निम्मी यंत्रणा कधी उभीच केलेली नाही. ‘सरकारी चॅनेल’ म्हणून कंटाळून रिमोट दाबणे सोपे आहे. पण अनुदान एकेका वर्षाऐवजी पाच वर्षांसाठी एकदम का ठरवू नये, संसदीय समिती आणि प्रसारण परिषद अजून का नेमली नाही, वृत्तविभागाला स्वतःचे संपादक का नसावेत, हे प्रश्न आपल्या खासदाराला विचारता येतात. १९९७ नंतर केंद्रात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. ही उत्तरे देण्याची घाई त्यांपैकी कुणालाच झाली नाही.