साडीची घडी, कोटाची घडी आणि विमानाचा प्रवास

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. आज कर्जफेड नाही, हिशोबाची वही नाही. आज बोलायचंय कपड्यांच्या घडीबद्दल. विमानाने जायचं असेल, तर चांगली साडी किंवा कोट बॅगेत कसा भरावा, म्हणजे उतरल्यावर तो चुरगळलेला निघणार नाही, एवढंच.

कोणी म्हणेल, "अहो ताई, आम्हाला कुठे विमानात बसायचंय?" काही वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हणायचो. पण आता गटाच्या बायका पापड, मसाले घेऊन दिल्लीच्या सरस मेळ्यापर्यंत जातात. मुलं मुलाखतीला बंगळूरला, हैदराबादला जातात. आणि २०२५ च्या डिसेंबरपासून तर आपल्याच रायगड जिल्ह्यातून, उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली आहेत. तेव्हा हे शिकून ठेवायला हरकत नाही.

आधी आमची फजिती सांगतो. आम्ही तिघी एका प्रदर्शनासाठी पहिल्यांदा विमानाने दिल्लीला गेलो. गटाने तिघींसाठी एकसारख्या सुती साड्या घेतल्या होत्या, वर्गणी काढून. पहाटे चारला उठून साड्यांना कडक इस्त्री केली आणि गरम गरमच बॅगेत घातल्या. वर पोह्याचे पापड, मिरगुंडं, दोन डबे, चपला. चेन लागेना, म्हणून एक जण बॅगेवर बसली आणि दुसरीने चेन ओढली. दिल्लीला रात्री उशिरा पोचलो, बॅग तशीच ठेवून झोपलो. सकाळी उघडली तर साड्या बोळ्यासारख्या झालेल्या. दहा वाजता कार्यक्रम. आमच्या काकूंना स्टेजवर गटाबद्दल चार शब्द बोलायचे होते. महिनाभर त्यांनी तयारी केली होती. पण त्या म्हणाल्या, "अशा साडीत मी वर जायची नाही." आणि नाहीच गेल्या. त्यांच्याऐवजी दुसरी बोलली, कसंबसं.

त्या दिवशी कोणी आम्हाला काही बोललं नाही. साडीकडे कोणी पाहिलंही नसतं कदाचित. पण काकूंचं बोलणं राहून गेलं ते राहूनच गेलं. परत आल्यावर आम्ही ठरवलं, की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. लॉन्ड्रीवाल्या दादांना विचारलं, शिंपीकाम करणाऱ्या ताईंना विचारलं, घरी करून पाहिलं. जे जमलं ते आज सांगतोय.

पहिल्यांदा हे समजून घेऊ, की कपडा चुरगळतो का. कारणं तीन. ओल, दाब आणि टोकदार घडी.

ओल हे सगळ्यात मोठं कारण. सुती धाग्यात ओल शिरली की धागा मऊ पडतो आणि ज्या आकारात वाळतो तोच आकार धरून बसतो. इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो ते याच्यासाठी. धागा मऊ करायचा, इस्त्रीने सरळ करायचा आणि सरळ असतानाच वाळवायचा. मग गरम, दमट साडी घडी घालून बॅगेत कोंबली तर काय होईल? ती घडीतच वाळेल आणि घडीच पक्की होईल. आम्ही नेमकं हेच केलं होतं. आपल्याकडे कोकणात हवाच दमट. पावसाळ्यात तर कपडा वाळलाय असं वाटतं, पण आत ओल असते. म्हणून नियम एक: इस्त्री आदल्या दिवशी करायची. कपडा रात्रभर दोरीवर किंवा हँगरवर मोकळा ठेवायचा. गार आणि कोरडा झाला की मगच घडी.

दुसरा दाब. बुकिंगची बॅग, म्हणजे जी आपण काउंटरवर देतो आणि जी विमानाच्या पोटात जाते, तिच्यावर आणखी बॅगा येतात. ती आडवी होते, उलटी होते. आपण लिहिलेलं "सांभाळून" कोण वाचणार? म्हणून कार्यक्रमाचा कपडा त्या बॅगेत नकोच. तो आपल्यासोबतच्या लहान बॅगेत.

तिसरी टोकदार घडी. कागद दुमडून त्यावर नख फिरवलं की रेघ जात नाही. तोच कागद गोल वळवला तर रेघ पडत नाही. कापडाचंही तसंच. जिथे दुमडायचं तिथे आत काहीतरी मऊ ठेवलं, की घडी टोकदार न होता गोल होते.

ही गोष्ट आपल्या पेणला कोणी शिकवायला नको. हमरापूर, जोहे भागात गणपतीच्या मूर्ती भरताना बघा. मूर्तीच्या आजूबाजूला मोकळी जागा राहिली तर ती हलते आणि टवका उडतो. फार आवळली तरी मोडते. म्हणून पोकळी मऊ वस्तूने भरायची, पण दाबायची नाही. आमच्या गटात कारखान्यात रंगकाम करणाऱ्या एक ताई आहेत. त्या म्हणाल्या, "बाप्पाला बसवता तसं साडीला बसवा." आम्हाला ते एकदम पटलं.

आता कोणता कपडा न्यावा? सुती आणि लिननचा कपडा सगळ्यात लवकर चुरगळतो. खळ घातलेली सुती साडी तर जास्तच, कारण खळीचा कडकपणा घडीवर मोडतो. प्रवासाला न्यायच्या साडीला खळ नको. सिंथेटिक साडी सगळ्यात कमी चुरगळते. लोकरीचं कापड चुरगळलं तरी रात्रभर टांगलं की बरंचसं सरळ होतं. रेशीम मधलं, पण जर सांभाळावी लागते. तीच तीच घडी राहिली तर जर आणि रेशीम त्याच रेघेवर तुटतं. पैठणीची घडी आपल्या आज्या मधूनमधून बदलायच्या, ते उगाच नाही.

साडी अशी भरा. साडी रुंदीत दोनदा दुमडा, म्हणजे साधारण वीतभराहून थोडा जास्त रुंद पट्टा होईल. दुमडताना आत जुन्या धोतराची किंवा मलमलीची पट्टी ठेवा. मग एका टॉवेलची सैलसर गुंडाळी करा. खोचायच्या टोकापासून सुरुवात करून साडी त्या टॉवेलवर गुंडाळत जा, ओढून नाही, हलक्या हाताने. पदर सगळ्यात शेवटी, म्हणजे बाहेर येईल. बाहेरचा वेढा मोठा असतो, त्यामुळे पदराला वळण कमी पडतं. वरून मलमलीचं फडकं. टॉवेलऐवजी कापडाच्या दुकानातली पुठ्ठ्याची नळी मिळाली तर अजून छान, मागितली की देतात. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, शाई लागते. डांबरगोळ्याही जरीला लागू देऊ नका.

नऊवारीला हीच पद्धत. फक्त ती सव्वाआठ मीटर, म्हणून गुंडाळी जाड होते. तिच्यासाठी जागा आधी धरा.

ब्लाउज दुमडू नका. पुढच्या भागात रुमाल भरा, बाह्या मागे वळवा आणि सगळ्यात वर ठेवा. परकर, टॉवेल, रोजचे गाऊन गुंडाळून टाका, त्यांचाच भराव होतो. पंजाबी सूट असेल तर कुर्ता कमरेशी एकदाच दुमडा आणि त्या दुमडीत ओढणीची गुंडाळी ठेवा.

आता पुरुषांचा कोट. यातली युक्ती आमच्या शिंपीताईंनी दाखवली. खिसे रिकामे करा, बटणं उघडा. डावा खांदा उलटा करा, उशीचा अभ्रा उलटा करतो तसा. अस्तर बाहेर येईल, बाही आतच राहू द्या. आता उजवा खांदा न उलटवता त्या डाव्या खांद्यात बसवा, वाटीत वाटी बसते तसा. कोट पाठीच्या मधोमध उभा दुमडला जाईल आणि सगळीकडून अस्तर दिसेल. म्हणजे चुणी पडली तरी अस्तरावर, डाग लागला तरी अस्तरावर. खांद्यात एक बनियन किंवा मोजे भरा, खांद्याचा गोल राहतो. मग कोट मध्ये आडवा दुमडायचा, पण दुमडीत शर्टाची गुंडाळी ठेवून. लॉन्ड्रीतून कपडे येतात ती पातळ प्लास्टिकची पिशवी टाकून देऊ नका. कोट तिच्यात घाला. प्लास्टिक गुळगुळीत असतं, कपडे एकमेकांना धरत नाहीत, सरकतात, म्हणून चुण्या कमी. पण कोट पूर्ण कोरडा हवा, नाहीतर ओल आतच कोंडते.

पँट रेघेला रेघ जुळवून बॅगेत सगळ्यात खाली पसरा. कंबर बॅगेच्या एका कडेला, पाय बॅगेबाहेर लोंबू द्या. त्यावर बाकीचे कपडे ठेवा आणि शेवटी पाय त्यावरून आत घ्या. घडीच्या पोटात कपडे आले, घडी गोल झाली.

बॅग भरताना जड वस्तू चाकांच्या बाजूला, कारण बॅग उभी केली की ती बाजू खाली येते. कोट, साडी सगळ्यात वर. आणि चेन बसून लावावी लागली, तर समजा काहीतरी काढायचंय.

विमानाचे दोन-चार नियम. देशातल्या प्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या सोबत ७ किलोची एक बॅग आणि बुकिंगला १५ किलो सामान देतात. तिकिटावर वाचून घ्या. पापडाच्या वजनकाट्यावर बॅग घरीच तोला. कात्री, विळी, सुरी सोबतच्या बॅगेत चालत नाही, ती बुकिंगच्या बॅगेत. मोबाईलची पॉवर बँक उलट, ती सोबतच ठेवायची. सुकं खोबरं नेऊ नका, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून अडवतात. तपासणीत बॅग उघडायला सांगितली तर घाबरायचं नाही. साडी गुंडाळलेली असली, की उचलून परत ठेवता येते, घडी विस्कटत नाही. वरच्या कप्प्यात बॅग ठेवताना जड बॅगेच्या खाली आपली जाऊ देऊ नका. कोट अंगात घालून गेलात तरी चालतं, बसल्यावर मात्र काढून मांडीवर ठेवा. पाठीशी दाबून ठेवला तर पाठच चुरगळते.

पोचल्यावर पहिलं काम चहा नाही. पहिलं काम बॅग उघडून कपडा टांगणं. कितीही दमलात तरी. आमची दिल्लीची चूक अर्धी भरताना झाली, अर्धी त्या रात्री न उघडल्यामुळे.

तरी चुण्या राहिल्याच तर? न्हाणीघरात गरम पाण्याची बादली भरा, कपडा पाण्यापासून दूर टांगा आणि पंधरा मिनिटं दार लावून ठेवा. वाफेने धागा मऊ पडतो. मग बाहेर काढून हाताने सरळ करा आणि पूर्ण वाळू द्या. ओला असतानाच नेसलात तर बसल्या जागी नव्या चुण्या. इस्त्री नसेल तर आपल्या आजीची इस्त्री आहेच. सपाट बुडाच्या तांब्यात उकळतं पाणी घाला, बूड पुसा, हात भाजू नये म्हणून फडक्याने धरा आणि फिरवा. रेशमावर पाणी शिंपडू नका, डाग राहतो. वर सुती फडकं टाकून मगच तांब्या फिरवा. पँट रात्री गादीखाली सरळ ठेवा. हे सगळं आपल्याला ठाऊकच आहे, फक्त परगावी वेळेवर आठवत नाही.

शेवटी एक सांगतो. रोह्याच्या आमच्या एका ताईंच्या मुलाला बंगळूरला मुलाखतीचं बोलावणं आलं. कोट शिवायला ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं होतं. विमानातून उतरून थेट मुलाखतीला जायचं, मध्ये खोली नाही, इस्त्री नाही. ताईंच्या जिवाला घोर. मग मासिक बैठकीत कोट आणायला सांगितला. सगळ्यांनी मिळून वर सांगितल्याप्रमाणे भरला, बॅगेवर दोन उशा ठेवल्या आणि तशीच रात्र जाऊ दिली. सकाळी उघडली. एका बाहीवर चुणी होती, कारण बाही आत नीट बसली नव्हती. दुसऱ्यांदा भरला, तेव्हा चुणी नव्हती. मुलगा गेला. विमानतळावरच कोट काढून घातला आणि आईला फोटो पाठवला. ताईंनी तो फोटो आम्हाला सगळ्यांना दाखवला, दोन-तीनदा. पुढच्या फेरीलाही त्याला बोलावलंय. कर्जाचे हप्ते ताई वेळेवर भरतायत.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. जाण्याच्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नका. आधी एकदा घरी भरा, रात्रभर ठेवा, सकाळी उघडून बघा. जिथे चुणी दिसेल तिथे काहीतरी मऊ ठेवायचं राहिलंय. पुढच्या बैठकीत एक साडी, एक टॉवेल आणि एक जुनं धोतर घेऊन या, सगळ्या मिळून करून बघू.

आणि काकू? येत्या वर्षी प्रदर्शनाला पुन्हा त्यांचंच नाव दिलंय. साडी गुंडाळायची जबाबदारी आमची, बोलायची त्यांची.

नमस्कार.