माणसे तीच, सीमा वेगळी

उत्तर गोवा मोठा की दक्षिण गोवा? विस्ताराने नव्हे, लोकसंख्येने. प्रश्न साधा दिसतो. पण आमच्या भूगोल मंडळात तो निघाला तेव्हा दोन गटांनी दोन उत्तरे आणली. एक गट म्हणे उत्तर, दुसरा म्हणे दक्षिण. दोन्ही गटांनी आकडे 2011 च्या एकाच जनगणनेतून घेतले होते आणि बेरजेत कोणाचीही चूक नव्हती. मग खरे कोण? या प्रश्नाचा पिच्छा पुरवताना आम्ही जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आम्ही करीत होतो ते काम असे: गोव्याच्या प्रत्येक तालुक्याचा एक लोकसंख्या-अहवाल तयार करावयाचा. पानाच्या वरच्या बाजूस तालुक्याचा नकाशा, खाली माणसांची संख्या, घनता, शाळांची संख्या. पूर्वी असे काम करावयाचे म्हणजे पारदर्शक कागद, रंगाच्या पेन्सिली आणि कित्येक दिवसांची बैठक लागे. आता संगणकावर नकाशे करण्याची साधने आहेत. आम्ही वापरले ते क्यूजीआयएस नावाचे साधन. त्याचा आरंभ 2002 साली झाला आणि ते कोणालाही विनामूल्य मिळते.

या साधनाचे मर्म एका वाक्यात सांगता येईल: नकाशातील प्रत्येक आकृतीच्या पाठीशी तक्त्याची एक ओळ असते. पडद्यावर आपल्याला फोंडा तालुक्याची बंदिस्त आकृती दिसते. संगणकाच्या लेखी ती एक ओळ असून तिच्या रकान्यांत नाव, संकेतांक इत्यादी माहिती भरलेली असते. जनगणनेचा तक्ता वेगळा, त्यातही फोंड्याची एक ओळ. या दोन ओळींतील एखादा समान रकाना पाहून त्या एकमेकींना जोडावयाच्या, की जनगणनेचे आकडे नकाशावर उतरतात. याच रीतीने तिसरा तक्ता, चौथा तक्ता जोडीत जावे. शेवटी प्रत्येक तालुक्यासाठी एकाच साच्याचे एकेक पान संगणक आपोआप काढून देतो. साचा एकदा नीट बसवला म्हणजे झाले.

परंतु या जोडण्यातच खरी मेख आहे. आम्ही प्रथम नावावरून ओळी जोडल्या आणि निम्मा नकाशा कोरा राहिला. साष्टी आणि सालसेत हा एकच तालुका हे गोव्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. संगणकाला ते ठाऊक नसते. सांगे, केपे यांची रोमन लिपीतील नावे पोर्तुगीज वळणाने शेवटी ‘एम’ अक्षर घेऊन येतात. एका तक्त्यात ते असते, दुसऱ्यात गळलेले असते. एका अक्षराचा फरक पडला तरी यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी गावे होत. म्हणूनच जनगणना खाते प्रत्येक घटकाला संकेतांक देते. 2011 च्या गणनेत गोवा राज्याचा अंक 30, उत्तर गोव्याचा 585 आणि दक्षिण गोव्याचा 586. नाव कसेही लिहा, अंक एकच. तोही मजकूर म्हणून नोंदवावा. संख्या म्हणून नोंदवल्यास आरंभीची शून्ये गळून जातात आणि पुन्हा जोड बसत नाही.

शाळांची गोष्ट निराळी. त्यांच्या यादीत प्रत्येक शाळेचे अक्षांश व रेखांश होते. ते दिले की शाळा नकाशावर बिंदू म्हणून उमटते आणि तो बिंदू कोणत्या तालुक्याच्या आकृतीत पडतो हे संगणक मोजतो. आमच्यापैकी एकाने घाईत दोन रकान्यांची अदलाबदल केली. पणजी सुमारे साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आणि पावणेचौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. अंक उलटे पडताच पणजीच्या साऱ्या शाळा नॉर्वेच्या उत्तरेस, थंडगार समुद्रात जाऊन बसल्या! हसून हसून पुरेवाट झाली. मात्र अशी चूक डोळ्यांना दिसते, म्हणून ती फारशी घातक नव्हे. घातक ती चूक, जिच्यात नकाशा सुंदर दिसतो आणि आकडा खोटा असतो.

आता आरंभीच्या वादाकडे वळू. 2011 च्या जनगणनेच्या वेळी गोव्यात दोन जिल्हे व अकरा तालुके होते. राज्याची लोकसंख्या 14,58,545. पैकी उत्तर गोव्याची 8,18,008 आणि दक्षिण गोव्याची 6,40,537. पहिल्या गटाने हेच आकडे घेतले. परंतु जानेवारी 2015 मध्ये फोंडा तालुका उत्तर गोव्यातून काढून दक्षिण गोव्यास जोडण्यात आला. दुसऱ्या गटाजवळ या बदलानंतरचा नकाशा होता. त्यांनी तालुक्यांचे आकडे या नव्या सीमांत बसवून बेरीज केली. फोंड्याची 2011 ची लोकसंख्या 1,65,830. ती उत्तरेतून वजा करून दक्षिणेत मिळवली, की उत्तर गोवा 6,52,178 वर येतो आणि दक्षिण गोवा 8,06,367 वर जातो. धाकटा भाऊ थोरला झाला! एकाही कुटुंबाने घर बदलले नाही, एकही मूल जन्मले नाही. बदलली ती केवळ कागदावरची रेषा.

यात काय मोठेसे बिघडले, असे कोणी म्हणेल. पुढील उदाहरण पाहा. समजा, 2015 नंतरच्या दक्षिण गोव्यात एखाद्या सोयीची 80 केंद्रे आहेत. केंद्रांची यादी नव्या सीमेची आणि लोकसंख्या मात्र जुन्या सीमेची घेतली, तर 6,40,537 भागिले 80, म्हणजे दर केंद्रामागे सुमारे 8,007 माणसे दिसतील. खरा भागाकार 8,06,367 चा, म्हणजे केंद्रामागे सुमारे 10,080 माणसे. दोन हजारांहून अधिक माणसे कागदावरून नाहीशी झाली! असा अहवाल पाहून कोणी ठरवले की येथे नव्या केंद्राची गरज नाही, तर रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला ती चूक सोसावी लागेल. आणि ती कोठे झाली हे त्याला कधीच कळणार नाही.

असाच पेच धारबांदोडा तालुक्याचा. हा गोव्याचा बारावा तालुका 2011 च्या तक्त्यात नाही. सांगे तालुक्याचा मोठा भाग तोडून तो बनला. बारा तालुक्यांच्या नकाशावर अकरा तालुक्यांचे आकडे बसवले, की धारबांदोडा निर्मनुष्य आणि सांगे वाजवीपेक्षा भरलेला दिसतो. यावर उपाय एकच: गावापर्यंत खाली उतरावे. तालुका ही भिंत, तर गाव ही वीट. भिंती पाडून नव्या बांधता येतात, विटा बहुधा त्याच राहतात. गावनिहाय आकडे घेऊन नव्या सीमेप्रमाणे बेरीज केली, म्हणजे जुनी गणना नव्या नकाशावर प्रामाणिकपणे उतरते.

सीमेप्रमाणेच सालही तपासावे लागते. गोव्याच्या लोकसंख्येचा जुना तक्ता पाहिला तर 1940, 1950, 1960 अशी साले येतात आणि नंतर एकदम 1971. कारण गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला. त्याआधीची गणती पोर्तुगीज राजवटीची, तिचे साल वेगळे. 1960 मध्ये 5,89,997 आणि 1971 मध्ये 7,95,120, म्हणजे 2,05,123 ची वाढ. ती दहा वर्षांची समजून दरवर्षाची सरासरी काढली तर उत्तर फुगते; ती वाढ अकरा वर्षांची आहे. पुढील काळाविषयीही हेच ध्यानात असावे. 2021 साली व्हावयाची जनगणना लांबली आणि नंतर 2027 च्या जनगणनेची घोषणा झाली. त्यामुळे 2011 चे आकडे पुष्कळ वर्षे वापरात राहिले. जुना आकडा वापरणे हा दोष नव्हे. त्याचे साल झाकणे हा दोष होय.

रंगांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. केवळ संख्येवरून रंग भरले तर साष्टी (2,94,464) गडद आणि मुरगाव (1,54,561) फिका दिसतो. परंतु मुरगाव विस्ताराने लहान असल्यामुळे दर चौरस किलोमीटरला तेथेच वस्ती अधिक दाट आहे. म्हणून गर्दी दाखवावयाची असेल तर घनतेचा नकाशा काढावा आणि शाळा किती लागतील हे ठरवावयाचे असेल तर मुलांची संख्या पाहावी. आधी प्रश्न निश्चित करावा, मग रंग निवडावा.

आमच्या मंडळाचा अहवाल आता पूर्ण झाला आहे. त्याच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आम्ही दोन ओळी छापल्या आहेत: हा आकडा कोणत्या सालचा, आणि ही सीमा कोणत्या सालची. वाद घालणाऱ्या दोन्ही गटांनी त्या ओळी मिळूनच लिहिल्या. कारण दोघेही खरे होते, फक्त आपण कोणत्या गोव्याविषयी बोलत आहोत हे दोघांनीही सांगितले नव्हते. वाचकांनीही यापुढे वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात रंगीत नकाशा पाहिला की आधी त्या दोन ओळी शोधाव्यात. सापडल्या तर नकाशावर विश्वास ठेवावा. न सापडल्या तर रंगांचे कौतुक करावे आणि आकड्यांना मात्र प्रश्न विचारावा.