दमसासाची चाचणी : हृदय आणि फुप्फुसे

व्हीओटू मॅक्स : कमाल श्रमात शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरते, ते माप. एकक : दर किलो वजनामागे मिनिटाला मिलिलिटर.

विश्रांतीत आणि श्रमात
- ठोके : विश्रांतीत मिनिटाला ६० ते १००, कसलेल्या धावपटूंचे ४० च्या आसपासही. कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज : २२० वजा वय.
- रक्त : विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पंप करते, कमाल श्रमात सुमारे २०, खेळाडूंमध्ये त्याहून जास्त.
- श्वास : मिनिटाला १२ ते २०, जोरदार श्रमात ४० ते ६०.
- रक्तदाब : वरचा वाढतो, खालचा फारसा बदलत नाही.
- व्हीओटू मॅक्सची मर्यादा : निरोगी माणसात ती सहसा हृदयाची असते, फुप्फुसांची नव्हे.

प्रमुख चाचण्या
- कूपर (१९६८) : १२ मिनिटांत कापलेले अंतर.
- बीप : २० मीटरच्या सलग फेऱ्या, वाढता वेग.
- यो-यो : दर ४० मीटरनंतर १० सेकंद उसंत.
- ब्रूस : ट्रेडमिलवर ईसीजीसह, दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो.

छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर चाचणी लगेच थांबवावी.