स्वस्तात मस्त चाकं: रोड बाइकचा व्हीलसेट निवडताना

हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बऱ्यापैकी काढलेत, तरी काही राहिलेच असतील. चालवून घ्या.

सुरुवात एका फजितीपासून. मागच्या डिसेंबरमध्ये ३०० किलोमीटरची ब्रेव्हे होती, पुण्याहून साताऱ्याच्या पुढे जाऊन परत. वेळ २० तास. पहाटे निघालो, खंबाटकी चढलो, साताऱ्यात मिसळ खाल्ली, सगळं वेळेत चाललेलं. उंब्रजच्या अलीकडे मागून 'टिंग' असा आवाज आला. चेनच्या बाजूचा स्पोक तुटला होता. चाक लगेच आउट झालं आणि ब्रेक पॅडला घासायला लागलं. मागचा ब्रेक मोकळा सोडून तसाच पुढे निघालो (करू नका, मूर्खपणा होता), तर दहा किलोमीटरमध्ये दुसरा स्पोक गेला. आता टायर फ्रेमलाच लागत होता. सायकल टेम्पोत टाकून घरी आलो.

त्या रात्री मी जे केलं ते आपण सगळे करतो. लॅपटॉप उघडला आणि 'कार्बन व्हीलसेट' शोधायला लागलो. बजेट २५ हजार. तीन आठवडे एक्सेल शीट चालू होती, वजनाचा कॉलम, रिमच्या उंचीचा कॉलम. आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या काकांना ती शीट दाखवली. काका म्हणाले, "अरे, ते ठीक आहे, पण तुझा स्पोक तुटला का ते यात कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. तर आधी तेच बघू.

स्पोक बहुतेक वेळा एका दणक्याने तुटत नाही, थकून तुटतो. चाक फिरताना जो स्पोक खाली जमिनीकडे येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर गेला की परत वाढतो. रोड बाइकचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं. म्हणजे ५,००० किलोमीटरमध्ये प्रत्येक स्पोक जवळजवळ २४ लाख वेळा ताणला आणि सैल सोडला जातो. मुळात ताण नीट दिलेला असेल तर हा फरक स्पोक सहज पचवतो. तो सैल असेल तर हबपाशी, जिथे त्याला वाक असतो, तिथे थोडा थोडा हलत राहतो. तार पुढे-मागे वाकवून आपण तोडतो ना, तसंच. माझं कंपनीतून आलेलं मागचं चाक २४ स्पोकचं, मशीनने बांधलेलं. माझं वजन ८२ किलो. त्याचा ताण मी कधी तपासून घेतलाच नव्हता. दोष चाकाचा निम्मा, माझा निम्मा.

आता वजनाचं बघू, कारण जाहिराती तिथेच अडकवतात. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ९४ किलो. कार्बनच्या आणि चांगल्या अलॉयच्या जोडीत माझ्या शीटमध्ये सुमारे ४०० ग्रॅमचा फरक होता, म्हणजे एकूण वजनाच्या अर्धा टक्काही नाही. सिंहगडाचा चढ मला ४५ मिनिटं लागतो. तीव्र चढावर वेळ वजनाच्या प्रमाणात बदलतो असं धरलं, तर वाचले साधारण साडेअकरा सेकंद. 'पण फिरणारं वजन दुप्पट मोजतात ना?' हो, पण फक्त वेग वाढवताना. एकसारख्या वेगाने चढताना रिमवरचा ग्रॅम आणि पोटावरचा ग्रॅम सारखाच. पोटावरचा फुकटात कमी होतो.

उंच रिमचा हवेत फायदा होतो, हे मान्य. सपाट रस्त्यावर ३५-४० च्या वेगाने तासन् तास जाणाऱ्यांना तो नक्की जाणवतो. माझा ब्रेव्हेतला सरासरी वेग २२. शिवाय हायवेवर ट्रक बाजूने गेला की उंच रिम हँडल ओढते. ऑफिसातल्या मित्राने ५० मिलिमीटरची सेकंडहँड कार्बन जोडी घेतली, दिसायला एकदम भारी. पण तिचे स्पोक त्या कंपनीच्या खास मापाचे. एक तुटला तर दीड महिना सायकल भिंतीला टेकून. आणि तुमची सायकल रिम ब्रेकची असेल तर स्वस्त कार्बनपासून लांबच राहा. लांब घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की रिम तापते, जास्त तापली तर रेझिन मऊ पडू शकतं. पावसात ब्रेकही उशिरा लागतो. आपल्याकडे घाट आणि पाऊस, दोन्ही आहेत.

मग पैसे कुठे घालायचे? माझ्या मते टायर, मग हब, मग नीट बांधलेलं चाक, याच क्रमाने. जुन्या चाकांवर चांगले टायर चढवले तरी सायकल वेगळीच वाटते, तेव्हा आधी ते करून बघा. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली २८ चा टायर बसतो का, हेही तेव्हाच कळतं. माझ्यात जेमतेम बसला.

हबमध्ये दोन प्रकार. एकात सुटे छर्रे आणि कोन असतात, शिमानोचे हब असे. पावसाळ्यानंतर उघडायचं, पुसायचं, ग्रीस भरायचं, परत घट्ट करायचं. वेळेवर केलं तर वर्षानुवर्षं चालतात, आळस केला तर कोन खराब होतो. दुसऱ्यात सील केलेलं बेअरिंग असतं. त्यावर ६९०२ असा काहीतरी नंबर छापलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जायचं.

विकत घेण्याआधी मापं तपासा, इथे लोक फसतात. रिम ब्रेकच्या आजच्या बहुतेक रोड बाइकला मागचा हब १३० मिलिमीटरचा आणि क्विक रिलीज लागतो, डिस्कवाल्याला सहसा १४२ आणि थ्रू ॲक्सल. फ्रीहबचं तर सॉफ्टवेअरसारखंच आहे: शिमानोचा ११ स्पीडचा रोड हब बॅकवर्ड कम्पॅटिबल आहे. माझी ८ स्पीडची क्लॅरिस कॅसेट त्यावर १.८५ मिलिमीटरचा स्पेसर टाकून बसली. उलटं मात्र होत नाही, जुन्या हबवर ११ स्पीडची रोड कॅसेट सहसा मावत नाही. डिस्कवाल्यांनी 'हुकलेस' रिम स्वस्त दिसली तरी थांबा. तिला त्या रिमसाठी चालणारे ट्यूबलेस टायरच लागतात आणि हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय. माझ्या वजनाला २५ च्या टायरमध्ये तेवढी हवा पुरत नाही.

शेवटी मी तयार जोडी घेतलीच नाही. काकांकडून बांधून घेतली. अलॉय रिम ६,४००, शिमानो १०५ चे हब ७,२००, साधे वाकवाले ६० स्पोक (पुढे २८, मागे ३२) पितळी निपलसकट २,७००, मजुरी १,८००. झाले १८,१००. टायर ४,८०० चे. एकूण २२,९००. मी रिमचं माप कॅटलॉगमधून घेऊन स्पोकची लांबी शीटमध्ये काढून ठेवली होती. काकांनी रिम हातात घेऊन मोजली, तर व्यासात ४ मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे प्रत्येक स्पोक २ मिलिमीटरने चुकला असता. तेव्हा रिम हातात आल्याशिवाय स्पोक मागवू नका.

३०० किलोमीटर चालवल्यावर चाकं परत काकांकडे नेली. नवीन चाकाचे स्पोक थोडे बसतात, तेव्हा ताण एकदा तपासून घ्यावा लागतो. काकांनी एकेक स्पोक टिचकी मारून ऐकला, दोन निपल पाव-पाव फेरा फिरवले आणि म्हणाले, "जा आता कराडला." वजन केलं, जुन्या जोडीपेक्षा ३२० ग्रॅमने हलकी भरली. काकांना सांगितलं तर त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

पुढची ३०० ची ब्रेव्हे पुढच्या महिन्यात आहे, रस्ता तोच. सीटखालच्या पिशवीत दोन जादा स्पोक आणि निपल घुमवायची चावी ठेवली आहे. पुढच्या भागात टायरमध्ये हवा किती भरायची ते बोलू. तोपर्यंत एक करा: सायकल उलटी करा, मागचं चाक फिरवा आणि ब्रेक पॅडपाशी डोळा लावून बघा, आउट किती आहे ते.