आधी वजन, मग भाव

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत माल काट्यावर चढल्याखेरीज रक्कम सांगितली जात नाही. आकाशातील अज्ञात वस्तूंविषयी नासाची अधिकृत भूमिका याच रीतीची आहे. २०२२ मध्ये तिने सोळा सदस्यांचा अभ्यासगट नेमला. खर्चाची मर्यादा एक लाख डॉलर. १४ सप्टेंबर २०२३ च्या अहवालानुसार परग्रहवासीयांचा पुरावा आढळला नाही. मात्र अपुऱ्या नोंदींमुळे अनेक घटनांचा उलगडाही होत नाही.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशात जळते पट्टे दिसले आणि तर्कवितर्कांना ऊत आला. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे कोसळले. सुदैवाने जीवितहानी टळली. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी अवशेषांची पाहणी केली. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी अग्निबाणाचे असावेत, असे जाणकारांचे मत पडले.

ही ओळख पटणे अगत्याचे असते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने जमिनीवर नुकसान केल्यास ती सोडणारे राष्ट्र भरपाईस बांधील आहे. वेळ, ठिकाण व अवशेष यांची चोख नोंद नसेल, तर दावा कोणावर मांडणार?